दुपट्ट्याखालचा भाव

पुंजारामला कोणी आकडा विचारला आणि त्याने तो सरळ सांगितला, असं धामणखेडच्या लोकांनी कधी पाहिलं नाही. वय विचारलं तर आधी म्हणायचा, "कायच्यासाठी पायजे?" सरकारी पेन्शनचा विषय असला तर पासष्ट आणि लेकीच्या सासरची मंडळी बसलेली असली तर पंचावन्न. भाकरी किती वाढू, असं पार्बताबाईने विचारलं की "एक" म्हणायचा आणि खायचा तीन. पार्बताबाई लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून न विचारता तीनच थापत आली आहे.

याला खोटेपणा म्हणायचं नाही, ही धंद्याची सवय. पुंजाराम बैलबाजारातला दलाल. पूर्णेच्या काठचे, अकोल्याकडचे, अमरावतीकडचे सगळे बाजार त्याने पस्तीस वर्षं पायाखाली घातले. त्या बाजारात तोंडाने बोलायचा भाव वेगळा आणि खरा भाव वेगळा. तोंडाने काय, "बैल नाई, वाघ हाये" असंही म्हणायचं आणि "दात पाहा त्याचे, आजोबा हाये तो" असंही म्हणायचं. खरा भाव ठरतो तो दुपट्ट्याखाली. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आतल्या आत समोरच्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, पंजा सोडून पुन्हा चार बोटं धरली की नऊ. वर दोघंही आभाळाकडे पाहत पीकपाण्याच्या गोष्टी करत असतात. वर बोललेल्याचा जाब कोणी विचारत नाही, पण दुपट्ट्याखाली दिलेलं बोट म्हणजे जबान. तिथे जो फिरला त्याला पुढच्या बाजारी कोणी चहालाही बोलावत नाही. पुंजारामने तिथे कधी खोटं बोट दिलं नव्हतं आणि त्याचा त्याला वाजवीपेक्षा जरा जास्तच अभिमान होता.

अशा या माणसाला एका वर्षी दिवाळीनंतर उदासीने धरलं.

का धरलं, हे त्यालाही सांगता येणार नाही. ट्रॅक्टर आले, बाजारात बैल कमी झाले, हे खरं. पण लेक चांगल्या घरी पडली होती, काळ्या मातीचं वावर होतं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बरी आली होती. तरी पुंजाराम ओसरीवरच्या खाटेवरून उठेनासा झाला. दाढी वाढली. शेजारचा सूर्यभान हा त्याचा जुना बाजारातला जोडीदार. बाजाराच्या वारी तो हाक मारायला आला की पुंजाराम भिंतीकडे तोंड करायचा. पार्बताबाई भाकरी वाढू लागली तर "एक" म्हणायचा आणि आता खरंच एक खायचा, तीही अर्धी टाकून. बाईचा जीव तिथेच चरकला.

तिने करायचं ते सगळं केलं. कौंडण्यपूरला जाऊन देवीची ओटी भरून आली. कोणी लिंबू दिलं, ते उतरून टाकलं. शेवटी गावातली आरोग्याचं काम पाहणारी आशाताई चंदा ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, तालुक्याच्या दवाखान्यात दर मंगळवारी अमरावतीवरून मनाच्या डॉक्टरीनबाई येतात. लोक त्याले येड्यायची खोली म्हणतात, म्हणू द्या. मी माह्या आईले नेलं होतं. तुमी काकाले नेऊन त पाहा."

त्या डॉक्टरीनबाई म्हणजे प्रतीक्षा मॅडम. मूळच्या साताऱ्याच्या, बोलणं पुस्तकातल्यासारखं, माणूस मात्र कामाचा. बैल त्यांनी बेंदराच्या दिवशी सजवलेले पाहिले होते, विकताना पाहिले नव्हते. खोलीत त्या दिवशी पुंजाराम, पार्बताबाई, जावई, सोबत आलेला सूर्यभान आणि दारात डोकावणारी आणखी चार माणसं होती. मॅडमनी झोप विचारली, भूक विचारली आणि मग त्यांच्या कागदावरचा प्रश्न विचारला. "भाऊ, मनावर जे ओझं वाटतं ते दहापैकी किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

पुंजारामने आभाळाकडे, म्हणजे छताच्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तीन."

आता बैलबाजारातलं कोणीही शेंबडं पोर सांगेल की ही नुसती सुरुवात होती. डॉक्टरीनबाई आता म्हणेल, काय सांगता भाऊ, तीनच? मग आपण पाचावर येऊ. ती ताणेल, आपण जरा नाही-हो करू, मग कुठे खऱ्या आकड्याजवळ जाऊ. पण प्रतीक्षा मॅडमनी कागदावर तीन लिहिलं, रोज फिरायला जा म्हणून सांगितलं, साध्या झोपेच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याने या म्हणाल्या. पहिल्याच बोलीला सौदा पटला. पुंजाराम उठून बाहेर आला तो चक्रावलेलाच. घरी जाताना जीपमध्ये त्याला वाटलं, आपल्या दुखण्याची किंमतच तेवढी असेल. डॉक्टरपेक्षा आपल्याला काय जास्त कळतं?

बावीस दिवसांनी सूर्यभानला तो भरदुपारी वावरातल्या विहिरीच्या काठावर बसलेला दिसला. चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या होत्या. सूर्यभान हात धरून त्याला घरी घेऊन आला आणि मंगळवारपर्यंत त्याच्या ओसरीवरच झोपला. असे शेजारी ज्याला मिळाले त्याने देवाकडे आणखी फार काही मागू नये.

मंगळवारी मॅडमच्या खोलीआधी रागिणीची खोली लागली. रागिणी ही मॅडमच्या पथकातली समाजसेविका. अमरावतीच्या भाजीबाजारात तिच्या घरच्यांचा तीन पिढ्यांचा गाळा. वडील वामनराव आधी स्वतःच्या मळ्यासाठी बैल घ्यायला बाजारोबाजार फिरायचे आणि लहानपणी ही त्यांच्या सोबत असायची. तिने पुंजारामचा जुना कागद पाहिला, तीन हा आकडा पाहिला, मग माणसाकडे पाहिलं. "काका, तुमी काय काम करत होते?" तिने विचारलं.

"बैलायची दलाली."

रागिणीने कागद पालथा घातला. बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं. मग त्याच्याच खांद्यावरचा दुपट्टा ओढून दोघांच्या हातांवर टाकला आणि म्हणाली, "मी तुमच्या पोरीच्या जागी हावो. आता बोला."

तीन महिन्यांत पहिल्यांदा पुंजारामच्या हाताला काही ओळखीचं लागलं. त्याने तिचा सगळा पंजा धरला. सोडला. मग चार बोटं धरली आणि ती सोडलीच नाहीत. रागिणीही तशीच बसून राहिली. दुपट्ट्यावर दोन थेंब पडले, ते कोणाचे हे दोघांनीही पाहिलं नाही.

रागिणी त्याला घेऊन प्रतीक्षा मॅडमकडे गेली आणि सगळं समजावून सांगितलं. बाजार, दुपट्टा, वरचा भाव, आतला भाव. मॅडम ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी पार्बताबाईला आत बोलावलं आणि तिच्यासमोर पुंजारामला म्हणाल्या, "भाऊ, माझं चुकलं. तुम्ही तीन म्हणालात आणि मी तुमच्याकडे न पाहता तीन लिहून मोकळी झाले."

सरकारी खुर्चीवरचा माणूस 'माझं चुकलं' म्हणतो, हे पुंजारामने साठ वर्षांत ऐकलं नव्हतं. तलाठ्याकडून नाही, मास्तरकडून नाही. तो एकदम म्हणाला, "तुमचं नाई मॅडम, तुमी भाव वाढवलाच नाई. मी वाटच पाहून राहिलो होतो."

यावर पार्बताबाई तोंडाला पदर लावून हसली आणि हसता हसता रडली. त्या दिवसापासून पुंजारामचं औषध खऱ्या अर्थाने सुरू झालं. पुढचे काही आठवडे रागिणी दोन दिवसाआड फोन करायची, सूर्यभान आणि चंदा आलटून पालटून घरी डोकावायचे, आणि नवावरचा आकडा आठावर, सातावर, उन्हाळा लागता लागता पाचावर आला.

बरा होऊ लागला तसा दलाल जागा झाला. गोळी किती दिवस घ्यायची, यावर मॅडम सांगू लागल्या तेव्हा त्याने दुपट्टा पुढे केला. "एका हातानं सौदा होत नाई मॅडम. तुमचाबी हात आत घाला." प्रतीक्षा मॅडमनी रागिणीकडे पाहिलं, मग हात घातला. त्यांनी नऊ महिने धरले, याने तीन. त्यांनी आठ, याने चार. गोळीने सकाळी हात जड होतात, वावरातलं काम सुधरत नाही, हे त्याने सांगितलं. लवकर सोडली तर दुखणं का उलटतं, हे त्यांनी सांगितलं. शेवटी सहावर पटलं आणि सहा झाल्यावर पुन्हा बसायचं ठरलं. मॅडम नंतर रागिणीला म्हणाल्या की इतकी वर्षं मी लोकांना औषध सांगत होते, विचारलं आज पहिल्यांदा.

त्यातून त्या दवाखान्याची रीतच बदलली. पुंजाराम दर मंगळवारी येऊन व्हरांड्यात बसू लागला आणि येणाऱ्या माणसांचा खरा आकडा दुपट्ट्याखाली घेऊ लागला. त्याने मॅडमला बजावलं की घरच्यांसमोर कोणी खरा भाव सांगत नाही, त्यांना बाहेर बसवा. आणि पहिला आकडा कधीच लिहू नका. मॅडमनी दोन्ही ऐकलं. त्याच्या छातीवर 'साथी' लिहिलेला बिल्ला आला. तो बिल्ला तो घरीही काढत नसे, शेवटी धुवायच्या सदऱ्यावरून पार्बताबाईने तो काढून ठेवला.

अडचण आली ती बायांची. परक्या पुरुषाच्या हातात हात कोण बाई देईल? रागिणीची गोष्ट वेगळी, ती शिकलेली आणि लेकीच्या वयाची. यावर पार्बताबाईच म्हणाली, "मंग मी बसतो न. माहा पदर काय दुपट्ट्याहून लहान हाये?" तशी तीही मंगळवारी येऊ लागली. तिच्याच पदराखाली सुभद्राने पहिल्यांदा आठ धरले.

सुभद्रा जवळच्या गावची, माळ्याच्या घरची. वांगी आणि सांबार लावायची आणि जुड्या बांधून तालुक्याला विकायची. पहिल्या दिवशी ती "सांबार विकतो" म्हणाली तेव्हा साताऱ्याच्या मॅडमना वाटलं, बाईची इडलीची गाडी असेल. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्यांना पुंजारामने समजावलं. सुभद्रा तीन मंगळवार कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. चौथ्या मंगळवारी पार्बताबाईचा हात धरला, मग हळूहळू बोलू लागली आणि आठावरून चारावर आली. व्हरांड्यात नवीन माणूस घाबरून बसलेला दिसला की पुंजारामकडे बोट करून तीच सांगायची, "तो भाऊ पाहा, नऊवर होता."

सहा महिने संपल्यावर ठरल्याप्रमाणे बसून, बोलून पुंजारामची गोळी हळूहळू बंद झाली होती. दोन वर्षं बरी गेली. आणि गेल्या हिवाळ्यात, तूर सोंगून झाल्यावर, उदासी पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

त्याने तिला लगेच ओळखलं. तोंडाची चव गेली. सकाळी सदरा घालायचा म्हणजे डोंगर चढायचा. दर मंगळवारी सुरुवातीला पथकातली माणसंही आपला आकडा द्यायची, ही रीत त्यानेच घातलेली. रागिणीने दुपट्टा टाकला तेव्हा त्याच्या मनात खरे सात होते. पुंजारामने दोन बोटं धरली.

पस्तीस वर्षांत त्याने दुपट्ट्याखाली दिलेलं हे पहिलं खोटं बोट. आणि दिलं ते कशापायी, तर उपकारापायी. ज्या बाईने पार्बताबाईसमोर आपली चूक कबूल केली, ज्या पोरीने दुपट्टा टाकून आपला खरा भाव ऐकला, त्यांच्या तोंडाला काळं कसं फासायचं? आपण पुन्हा पडलो हे कळलं तर व्हरांड्यातली माणसं म्हणतील, औषध खोटं, मॅडम खोट्या. त्यापेक्षा आपण गप्प बसलेलं बरं, असा त्याने हिशोब लावला. पार्बताबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, पण चारचौघांत नवऱ्याचा भाव फोडायचा नाही हे तीही त्याच बाजारातून शिकली होती. असे तीन मंगळवार गेले आणि प्रत्येक वेळी त्याने दोन बोटं धरली.

चौथ्या मंगळवारी व्हरांड्यात सतरंजीवर बैठक होती. दहाबारा माणसं, त्यात तिघं नवीन. प्रतीक्षा मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "हे आपले पुंजारामभाऊ. नऊवरून दोनवर आलेत आणि तिथेच टिकून आहेत."

मागच्या रांगेत सुभद्रा उठून उभी राहिली. तिने पिशवी उचलली, चपला शोधू लागली.

"काहून उठली वं बाई?" पार्बताबाईने विचारलं.

"मी जातो काकू. आता येणार नाई." सुभद्राचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "माहं खाली आलं होतं, आता पुन्ना वर गेलं. भाऊचं पाहा, थो उतरला त उतरला. माह्यातच खोट हाये. मॅडमचं औषध चांगलं, मीच त्याच्या लायकीची नाई. गोळ्याबी सोडल्या मी आठ दिवसापासून."

ती पायरीवर पोचली. पुंजारामच्या डोळ्यांसमोर नीट काढून ठेवलेल्या चपला आल्या. आपल्या दोन बोटांनी हिला कुठे नेऊन सोडलं, हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं. दुपट्टा खांद्यावरच होता. पण ही गोष्ट आता दुपट्ट्याखाली सांगून भागणार नव्हती, कारण खोटं तिथेच बोललं गेलं होतं.

"थांब बाई," तो म्हणाला. मग सगळ्यांसमोर, उघड्या हातांनी, आयुष्यात पहिल्यांदा त्याने खरा आकडा तोंडाने सांगितला. "सात. माहं सात हाये. दोन सांगतले थे खोटं होतं. महिना झाला, मी खोटं बोलून राहिलो."

सुभद्रा पायरीवरच थांबली. तो मॅडमकडे वळला. "तुमचे लय उपकार हायेत माह्यावर. मले वाटलं, मी पडलो असं कळलं त तुमच्या नावाले बट्टा लागन."

प्रतीक्षा मॅडम खुर्चीवरून उठून त्याच्यासमोर सतरंजीवर येऊन बसल्या. "उपकार तुमचे आहेत भाऊ," त्या म्हणाल्या. "माणसाला विचारायचं कसं, हे मला तुम्ही शिकवलंत. आणि तरी दोन हा आकडा मला इतका आवडला की पहिला आकडा लिहू नका, हे तुमचंच सांगणं मी विसरले. तुमची दाढी वाढलेली मला तीन आठवडे दिसत होती."

"दिसत होती मलेबी," पार्बताबाई म्हणाली आणि यावेळी तिने पदर तोंडाला लावला नाही.

रागिणीने पुंजारामचा कागद काढला. गोळी पुन्हा सुरू करायची का, किती करायची, याची बोलणी तिथेच, सगळ्यांच्या देखत झाली. पुंजारामने यावेळी फार ताणलं नाही. सूर्यभानला आजच सांगायचं, असंही त्याने स्वतःहून कबूल केलं. सांगून झाल्यावर छाती हलकी झाली, पण दुखणं काही गेलं नाही, ते सातच होतं. तरी दहाबारा माणसांमध्ये सात घेऊन बसणं आणि ओसरीवर एकट्याने सात घेऊन बसणं यात फरक आहे, हे त्याला जाणवलं, आणि त्याचा ऊर कृतज्ञतेने भरून आला.

तेवढ्यात बाजूला कोणीतरी बसलं. सुभद्रा होती. बायांच्या बाजूची सतरंजी ओलांडून ती त्याच्याशेजारी येऊन बसली होती. सांबाराची पिशवी तिने मांडीवर घेतली.

"माह्या गोळ्याबी पुन्ना लिहा मॅडम," ती म्हणाली. मग खालीच पाहत, हळू आवाजात पुंजारामला म्हणाली, "भाऊ, तुमी आज बरे असते, त मी घरी निघून गेली असती."